‘रन’ची मोजदाद

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे फेरसंपादन चालू असताना २०११ साली ‘रन’ या क्रियापदाची नोंद नव्याने लिहून पूर्ण झाली आणि त्या एका शब्दाखाली ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर या संपादकांना एवढ्या एका नोंदीसाठी जवळजवळ नऊ महिने लागले. शब्द तीन अक्षरांचा, इंग्रजी शिकू लागलेल्या पोराला पहिल्याच पुस्तकात भेटणारा, आणि क्रिकेटच्या कृपेने इंग्रजीचा गंध नसलेल्यालाही ठाऊक असलेला. फेरसंपादनाच्या आधी सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता. १९८९ च्या वीसखंडी दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ला ४३० अर्थ दिले होते आणि ते सांगायला सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले होते, म्हणजे एका कादंबरीएवढा मजकूर. असे आकडे प्रश्नमंजूषेत शोभून दिसतात. पण त्यांच्यावरून लोक दोन उलटसुलट निष्कर्ष काढतात. एक पक्ष म्हणतो, बघा इंग्रजी किती संपन्न, एका शब्दातून सहाशे अर्थ काढते. दुसरा म्हणतो, बघा किती ढिसाळ, प्रत्येक गोष्टीला वेगळा शब्द घडवायचा सोडून एकालाच सगळीकडे राबवते. दोन्ही पक्षांचे एका बाबतीत मात्र एकमत आहे: ६४५ हा आकडा ते भाषेचा गुण किंवा दोष समजतात. मला तो कोशाच्या कामकाजाचा आकडा वाटतो. महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा त्यात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. जमीन काही वाढलेली नाही. ‘रन’चा अर्थविस्तार त्या जमिनीसारखा खरा आहे. त्यातल्या सीमा मात्र कोणीतरी बसून आखलेल्या आहेत.

मुळात ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकले ते कसे, हेच पाहू. ऑक्सफर्डच्या कोशाचे फेरसंपादन ‘ए’ या अक्षरापासून सुरू झाले नाही, ‘एम’पासून झाले. त्यामुळे २००० साली ‘मेक’ पहिला आला, २००७ साली ‘पुट’ने त्याला हटवले आणि २०११ साली ‘रन’ने ‘पुट’ला. ‘सेट’ची नोंद तेव्हा फेरसंपादनातून गेलेलीच नव्हती. म्हणजे ही शर्यत जुन्या मापाने मोजलेला ‘सेट’ आणि नव्या मापाने मोजलेला ‘रन’ यांच्यातली होती. शिवाय हा कोश ऐतिहासिक आहे. आज शब्द कसा वापरतात एवढे सांगून तो थांबत नाही. सुमारे हजार वर्षांत तो ज्या ज्या अर्थाने कागदावर उतरला ते सगळे अर्थ तो पुराव्यासकट मांडतो. त्यात कित्येक शतकांपूर्वी वापरातून गेलेले अर्थ येतात, आणि एखाद्या धंद्याबाहेर कोणी न ऐकलेलेही येतात. आता याच्या शेजारी ‘वर्डनेट’ ठेवा. प्रिन्स्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात उभे राहिलेले हे संगणकीय शब्दजाल. त्यात ‘रन’ या क्रियापदाला ४१ अर्थ आहेत, कारण ते आजच्या भाषेपुरते पाहते आणि ‘रन आउट’, ‘रन ओव्हर’ अशा जोडशब्दांना स्वतंत्र नोंद देते. कोणते खरे, ६४५ की ४१? हा प्रश्नच नीट विचारलेला नाही. असाच प्रकार ‘ओव्हर’ या आणखी एका आखूड शब्दाचा झाला. १९८१ साली क्लॉडिया ब्रगमन यांनी बर्कली येथे आपल्या प्रबंधात त्याचे जवळजवळ शंभर अर्थ एकमेकांशी जोडून दाखवले. वीस वर्षांनी अँड्रिया टायलर आणि व्हिव्हियन एव्हन्स यांनी तोच शब्द पुन्हा तपासला आणि पंधराच्या आसपास आकडा आणून ठेवला. बाकीचे अर्थ त्यांनी नाकारले असे नव्हे. ते वाक्यातल्या इतर शब्दांमुळे निर्माण होतात, ‘ओव्हर’च्या खात्यावर मांडू नयेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आकड्याला आणखी एक गोष्ट फुगवते, आणि मराठी वाचकाला ती चटकन कळेल. आपण ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ ही दोन क्रियापदे मानतो. दुकान चालते, आणि कोणीतरी ते चालवतो. कोशात दोघांना वेगळी जागा मिळते. ‘चाल’ हे नाम तिसरे, ‘चालू’ चौथे. जुन्या इंग्रजीतही अशी फोड होती: स्वतः धावणे किंवा वाहणे याला एक क्रियापद होते आणि घोड्याला पळवणे याला त्याच मुळापासून निघालेले दुसरे प्रयोजक क्रियापद. पुढे उच्चार घासत गेले, प्रत्यय झडले आणि दोन्ही एका ‘रन’मध्ये मिसळली. आज घोडा धावतो तेव्हाही ‘रन’ आणि मालक कारखाना चालवतो तेव्हाही ‘रन’. आपल्याकडचा ‘व’ जे काम करतो ते इंग्रजीत शब्दांच्या क्रमाने होते. तेव्हा सहाशे अर्थांतला मोठा वाटा हा इंग्रजीच्या व्याकरणाने गमावलेल्या प्रत्ययांचा परिणाम आहे. संपन्नतेचे पदक द्यायचे तर ते त्या झडलेल्या प्रत्ययांना द्यावे लागेल.

तरी एवढ्याने प्रश्न मिटत नाही. माप कोणतेही लावा, ‘रन’ला अर्थ पुष्कळ निघतात आणि ‘फोटोसिंथेसिस’ला एकच निघतो. हे का? सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली लंडनमध्ये आपला कोश प्रसिद्ध केला, त्यात ‘टेक’ या शब्दाला १३४ अर्थ दिले होते. प्रस्तावनेत त्याने या जातीच्या क्रियापदांबद्दल रीतसर गाऱ्हाणे मांडले आहे: त्यांचा वापर सैल, अर्थ मूळ कल्पनेपासून दूर भरकटलेले, माग काढता काढता कोशकाराची दमछाक. त्याने दिलेल्या नावांत ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘सेट’, ‘मेक’, ‘टेक’, ‘टर्न’ आहेत आणि आपला ‘रन’ही आहे. ही यादी वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. सगळी क्रियापदे हातापायांची आहेत: घेणे, देणे, ठेवणे, वळणे, धावणे. लॅटिनमधून आलेले भारदस्त क्रियापद त्यांत नाही. म्हणजे अर्थ साचतात ते रोजच्या, आखूड आणि शरीराला जवळच्या शब्दांवर. १९४५ साली अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ याने याला गणिताचे रूप दिले: शब्दाच्या अर्थांची संख्या साधारणपणे त्याच्या वापराच्या वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एक शब्द दुसऱ्याच्या शंभरपट वापरात असेल तर त्याचे अर्थ सुमारे दहापट असतील. नियम ढोबळ आहे, पण दिशा बरोबर सांगतो. एखाद्या भाषेच्या स्वभावाशी त्याचा संबंध नाही. जिथे जिथे माणसे नव्या गोष्टीसाठी हाताशी असलेला जुना शब्द उचलतात, तिथे तो लागू पडतो.

आता त्या जुन्या शब्दाकडे नीट पाहू, कारण इथे एक समजूत आड येते. आपण गृहीत धरतो की ‘रन’चा खरा अर्थ पायांनी धावणे, आणि पाणी ‘रन’ होते, नाक ‘रन’ होते, रंग ‘रन’ होतो हे सगळे नंतरचे अलंकारिक वापर. पुरावा तसे सांगत नाही. ‘रन’चा जर्मानिक पूर्वज जेवढा धावण्याचा तेवढाच वाहण्याचा शब्द होता. आजच्या जर्मन भाषेत ती जुनी जोडी फुटलेली दिसते: ‘रिनेन’ पाणी ओघळण्यासाठी, ‘रेनेन’ माणसाने धावण्यासाठी. त्यातही ‘रेनेन’ हे मुळात प्रयोजक रूप. म्हणजे पाय आधी आणि पाणी मागाहून, हा क्रम आपल्या डोक्यातला आहे, शब्दाच्या इतिहासातला नाही. आपल्याकडचे उदाहरण आणखी बोलके आहे. ‘धावणे’ ज्या संस्कृत धातूपासून आले त्या ‘धाव्’लाही धावणे आणि वाहणे असे दोन्ही अर्थ आहेत. शिवाय त्याच रूपाला धुणे, स्वच्छ करणे हा अर्थ आहे. ‘दंतधावन’ या शब्दात तो अजून जिवंत आहे, आणि दात घासताना कोणी धावत नाही. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात एकच धातू घेऊन त्याला गती आणि शुद्धी असे दोन अर्थ जोडले आहेत. मोनियर विल्यम्स यांच्या संस्कृत–इंग्रजी कोशात हेच दोन वेगळे धातू आहेत, क्रमांक एक आणि क्रमांक दोन. दोघांपुढे साहित्य तेच होते. एकाने दोन अर्थांचा एक शब्द पाहिला, दुसऱ्याने एका रूपाचे दोन शब्द. धातू अनेकार्थी असतात, ही गोष्ट आपल्या वैयाकरणांनी जॉन्सनसारखे न वैतागता मान्य करून टाकली होती.

मग ‘रन’चे अर्थ पसरले कसे? माझ्या मते सहाशे अर्थ पाठ करण्यापेक्षा चार-पाच वाटा ओळखणे बरे. न थांबता पुढे जाण्याची कल्पना एकदा शब्दात आली की ती पाण्याला लागते, मग पाण्यासारख्या ओघाने होणाऱ्या गोष्टींना. मग प्रत्यक्ष न हलणाऱ्या पण लांबवर जाणाऱ्या गोष्टींना: रस्ता, कुंपण, ओळ. मग काळाला: नाटकाचे सलग प्रयोग, सलग नशीब, करार जितकी वर्षे लागू असतो तो अवधी. यंत्रे आली तेव्हा त्यांच्या न थांबता फिरण्याला, आणि यंत्रांवरून ती चालवणाऱ्या संस्थांना. संगणक आला तेव्हा प्रोग्रामला. औद्योगिक क्रांतीने या शब्दाला विशेष खतपाणी घातले, असे मानायला जागा आहे, कारण गिरणी, आगगाडी आणि छापखाना या तिघांनाही तो लागला. आता मराठीत हीच यादी करून पाहा. यंत्र चालते, घड्याळ चालते, नाटक चालते, दुकान चालते, संस्था चालते, खटला चालतो, वाद चालतो, घराण्यात एखादी गोष्ट चालत येते. जुने नाणे चालत नाही, वशिला चालतो, उन्हात डोके चालत नाही, आणि कोणी काही विचारले तर आपण नुसते ‘चालेल’ म्हणतो. बहुतेक वाटा त्याच आहेत, त्यांवरून जाणारे क्रियापद तेवढे वेगळे. इंग्रजीत ‘रन’ श्रीमंत झाला आणि ‘वॉक’ त्या मानाने गरीब राहिला. मराठीत ‘चालणे’ श्रीमंत झाले आणि ‘धावणे’ मागे राहिले. गाडी धावते, मन धावते, मदतीला कोणी धावून येते, पण दुकान धावत नाही. फ्रेंच भाषेत यंत्र ‘मार्श’ करते, म्हणजे चालते, आणि आपल्या ‘चालेल’च्या जागी फ्रेंच माणूसही तेच क्रियापद वापरतो. नदीचा मात्र आपण वेगळा संसार मांडला: ती वाहते. रंग कपड्यावरून ‘जातो’, ताप ‘भरतो’, साखर ‘संपते’. इंग्रजीने ज्या कामांना एक मजूर लावला त्यांना आपण चार लावले. दुसरीकडे ‘खाणे’ पाहा: मार, पैसे, भाव, हवा, शपथ आणि डोके, सगळे आपण एकाच तोंडाने खातो. तिथे इंग्रजीला चार मजूर लागतात.

इथे एक चलाख आक्षेप येतो. वाटा एवढ्या स्पष्ट असतील तर मग अनेक अर्थ आहेत असे म्हणायचेच कशाला? एकच गाभा सांगा, ‘सातत्याने पुढे जाणे’, आणि बाकी सगळे संदर्भावर सोडा. ही कल्पना आकर्षक आहे आणि ती टिकत नाही. गाभा इतका पातळ करावा लागतो की त्यात ‘चालणे’, ‘वाहणे’, ‘सरकणे’, ‘जाणे’ सगळेच मावते; मग तो ‘रन’चा गाभा कसा? आणि गाभा ठाऊक असूनही पुढचा अर्थ ओळखता येत नाही. निवडणुकीचेच घ्या. अमेरिकेत उमेदवार पदासाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो. काम तेच, भाषा तीच. एक देश धावतो, दुसरा उभा राहतो. गाभ्यातून हे निघत नाही, कारण शर्यतीचे रूपक अमेरिकनांनी रुजवले आणि ब्रिटिशांनी नाही, एवढीच गोष्ट आहे. मराठीत उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, ती लढवतो, रिंगणात उतरतो. शर्यतीत आहे असे म्हटले तरी धावतो असे आपण म्हणत नाही. पायमोज्याचा धागा उसवून उभी रेघ पडली तर तिला अमेरिकेत ‘रन’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘लॅडर’, म्हणजे शिडी. वाटा सर्वांना खुल्या असतात. कोणत्या वाटेने प्रत्यक्ष कोण गेले हे समाज ठरवतो, आणि शिकणाऱ्याला ते पाठच करावे लागते. म्हणून अर्थ खरे आहेत. त्यांच्यातल्या सीमा आखलेल्या आहेत, या म्हणण्याला त्याने बाध येत नाही.

क्रिकेट हे याचे नमुनेदार प्रकरण. सुरुवातीच्या काळात धावसंख्या मोजण्यासाठी काठीवर खाचा पाडत आणि गुणाला ‘नॉच’, म्हणजे खाचच, म्हणत. पुढे दोन यष्ट्यांमधल्या धावण्याचेच नाव गुणाला पडले. नंतर चेंडू सीमेपार गेला की चार किंवा सहा ‘रन’, मग फलंदाज जागचा हलो वा न हलो. वाइड चेंडूवर तर न खेळताच. धावणे गेले, ‘रन’ राहिला. मराठीने या अर्थासाठी ‘धाव’ घेतली आणि त्यातून धावसंख्या, धावफलक, धावबाद, धावगती असे सगळे कुटुंब उभे केले. षटकार बसल्यावर ‘सहा धावा’ म्हणताना कोणाला काही विचित्र वाटत नाही, जरी त्या धावांमध्ये एकही पाऊल पडलेले नसते. पण हा एक अर्थ आणताना ‘रन’चे बाकीचे अर्थ मागोमाग आले नाहीत. क्रिकेटच्या वाटेने आलेली ‘धाव’ क्रिकेटमध्येच राहिली.

दुसरा आक्षेप जुना आणि जास्त गंभीर आहे. एका शब्दाला एकच अर्थ असला तर भाषा स्वच्छ होईल, गैरसमज टळतील, वकिलांचे निम्मे काम कमी होईल. १६६८ साली जॉन विल्किन्स या इंग्रज विद्वानाने रॉयल सोसायटीमार्फत अशी भाषा रचून प्रसिद्ध केली. जगातल्या सर्व वस्तू आणि कल्पनांचे वर्गीकरण करून प्रत्येकीला तिच्या वर्गावरून ठरणारे चिन्ह त्याने दिले. ग्रंथ थोर आहे. त्या भाषेत कोणी बाजारहाट केला नाही. अशी भाषा वापरायची तर प्रत्येक नव्या गोष्टीला नवा शब्द, आणि प्रत्येक शब्द लक्षात ठेवायचा. माणसाची स्मरणशक्ती आणि जिभेचा आळस दोन्ही त्याच्या विरुद्ध जातात. २०१२ साली पियान्टाडोसी, टिली आणि गिब्सन या संशोधकांनी हाच मुद्दा उलटा करून मांडला: संदर्भ जर अर्थाचे बरेच काम करत असेल, तर उच्चाराला सोपे, आखूड शब्द पुन्हा पुन्हा वापरणे हीच काटकसर आहे, आणि द्व्यर्थकता हा भाषेचा बिघाड नसून तिच्या कार्यक्षमतेची निशाणी आहे. संदर्भ हे काम कसे करतो याचे बारीक विवेचन तर आपल्याकडे पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त करून ठेवले आहे. संयोग, वियोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काळ अशी साधने तो मोजतो, ज्यांच्या आधाराने अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ ठरतो. ‘सैंधव’ हे त्यासाठीचे ठरलेले उदाहरण. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधदेशीचा घोडाही. जेवताना मागितले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना मागितले तर घोडा. पानात घोडा आणून उभा करणारा सेवक शास्त्रात कुठेच भेटत नाही.

पण ‘सैंधव’ आणि ‘रन’ एकाच पंक्तीला बसवता येतील का, हा रास्त प्रश्न आहे. मीठ आणि घोडा यांचे नाते फक्त सिंधू नदीमुळे जुळते. ऐकणाऱ्याला ते दोन सुटे अर्थ वाटतात. इंग्रजीतला ‘बँक’ तसाच: नदीचा काठ आणि पैशांची पेढी. याउलट ‘रन’चे अर्थ एकमेकांच्या हाताला धरून असतात. हा फरक नुसता व्युत्पत्तीचा नाही, तो डोक्यात मोजता येतो. जेनिफर रॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले की असंबद्ध अर्थ असलेले शब्द ओळखायला वाचकाला थोडा जास्त वेळ लागतो, तर परस्परांशी नाते असलेले अनेक अर्थ ज्यांना आहेत ते शब्द उलट लवकर ओळखले जातात. म्हणजे ‘बँक’ची गर्दी अडवते आणि ‘रन’ची गर्दी मदत करते. एकाच नोंदीखालचे अर्थ आणि एकाच उच्चाराचे वेगळे शब्द यांत कोशकार जो भेद करतात त्याला असा आधार मिळतो. मात्र नात्याच्या अर्थांमध्ये आपसांत किती भिंती आहेत, हे यावरूनही ठरत नाही. त्यासाठी एक जुनी कसोटी आहे: दोन वापर एका क्रियापदाखाली जोडून पाहायचे आणि वाक्य खटकते का ते बघायचे. ‘गाडी आणि गिरणी दोन्ही चालतात’ हे निमूट ऐकून घेतले जाते. ‘नाटक आणि हॉटेल दोन्ही जोरात चालले’ यातही काही खटकत नाही. ‘दुकान आणि घड्याळ दोन्ही चालतात’ म्हटले की कान किंचित टवकारतात. ‘बाळ आणि घड्याळ एकाच दिवशी चालू लागले’ म्हटले की हसू येते. हसू कुठे सुरू झाले? पायरीपायरीने. भिंत असती तर एका जागी डोके आपटले असते. कसोटी आपल्याला उतार दाखवते, आणि उतारावर जिल्ह्याची हद्द कुठेही आखता येते.

व्यवहारी माणूस इथे म्हणेल की तत्त्वचर्चा ठीक, पण यंत्राला भाषांतर करायचे असेल तर त्याला अर्थांची नेमकी यादी द्यावीच लागेल. अर्धशतकभर संगणकवाल्यांनीही हेच मानले. १९४९ साली वॉरन वीव्हर यांनी यंत्रभाषांतराची कल्पना मांडताना शब्दाच्या आजूबाजूचे काही शब्द पाहून अर्थ ठरवावा असे सुचवले. १९६० साली येहोशुआ बार-हिलेल यांनी त्याला साध्या ‘पेन’ या शब्दाने उत्तर दिले: लहान मुलाची हरवलेली खेळण्यांची पेटी ‘पेन’मध्ये सापडली तर हा ‘पेन’ लेखणी नव्हे, मुलाला खेळायला ठेवतात तो कठडा, हे पेटी केवढी आणि लेखणी केवढी हे ठाऊक असल्याशिवाय यंत्राला कसे कळणार? त्यापुढे दशकेच्या दशके अर्थांच्या याद्या करून वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला अर्थाचा क्रमांक चिकटवण्याचे प्रयोग झाले. क्रमांक चिकटवणारी माणसेच बारीक अर्थांबाबत आपसांत एकमत होईनात. १९९७ साली ॲडम किलगॅरिफ या ब्रिटिश कोशतज्ज्ञाने शब्दांच्या अर्थांवर आपला विश्वास नाही, असे सांगणाऱ्या शीर्षकाचा निबंधच लिहिला: अर्थ हे वापरांचे गट आहेत, आणि गट कशासाठी करायचे त्यावर ते किती हे ठरते. २०१८ नंतरच्या भाषा-प्रारूपांनी ही यादी जवळजवळ सोडूनच दिली. ती प्रत्येक वाक्यातल्या ‘रन’ला त्या वाक्यापुरती वेगळी संख्यात्मक जागा देतात, सारख्या वापरांच्या जागा जवळ येतात, वेगळ्यांच्या लांब जातात. या तंत्राला समजते की नाही हा वाद वेगळा. अर्थांना क्रमांक न देताही काम चालते, एवढे त्याने दाखवून दिले आहे. क्रमांक लागतात ते माणसाला, कारण छापील पानावर उतार दाखवता येत नाही आणि शोधणाऱ्याला बोट ठेवायला जागा हवी असते. गिलिव्हर यांचे नऊ महिने वाया गेले असे म्हणणारा माणूस कोश कशाला असतो हेच विसरला.

शब्द एका भाषेतून दुसरीत जातो तेव्हा हा सगळा पसारा घेऊन जात नाही. मराठीत प्रोग्राम ‘रन’ होतो, पण बस पकडायला कोणी ‘रन’ करत नाही आणि दुकान तर नाहीच. ‘सेट’चेही तसेच झाले: ४३० पैकी बोटांवर मोजण्याइतके अर्थ आले. दागिन्यांचा सेट, टेनिसचा सेट, सिनेमाचा सेट, केस सेट करणे. प्राध्यापक होऊ पाहणाऱ्यांची ‘सेट’ ही परीक्षा आद्याक्षरांपासून बनलेला वेगळाच शब्द आहे. तो आपला ‘बँक’चा नमुना. पण आलेल्या थोड्या अर्थांना इथल्या मातीत फुटवे येऊ लागले आहेत. पोरगा नोकरीला लागला, घर झाले, की तो ‘सेट झाला’. आणि ‘सेटिंग’ हा शब्द तर मराठीत मोबाइलमध्ये जेवढा वापरला जातो तेवढाच निविदा, बदल्या आणि निकाल आतून ठरवण्यासाठी वापरला जातो. ‘सेटिंग लावली’ म्हटले की काय झाले ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मराठी कोशकाराला त्या शब्दाखाली एक अर्थ द्यावा लागेल की तीन, यावर त्याचे आणि त्याच्या सहसंपादकाचे भांडण होणार हे नक्की.